मध्येच पोकळी का ऐकू येते? १९५८च्या स्टिरिओ तबकड्या आणि ‘एक्झॉटिका’

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांच्या संग्रहातून दोन जुन्या अमेरिकन एल.पी. हाती आल्या, एक आर्थर लायमनची ‘टॅबू’ आणि दुसरी एनॉक लाइटची ‘पर्सुएसिव्ह पर्कशन’. हेडफोन लावून ऐकले की वाद्ये डाव्या-उजव्या कानांत वाटली जातात, मध्ये काहीच उरत नाही आणि अर्ध्या तासात डोके चढते. हा दोष तबकडीचा, मशीनचा, की त्या काळच्या स्टिरिओचाच? आणि पक्ष्यांचे आवाज काढत वाजवलेल्या या हॉटेलातल्या संगीतात, म्हणजे ‘एक्झॉटिका’त, लोकांना आजही एवढे काय सापडते?

जुन्या तबकड्या स्वच्छ करून त्यांचे डिजिटल प्रतींत रूपांतर करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत असे माझे मत आहे. तरीही आधी मशीनकडे पाहू, कारण ‘मध्ये पोकळ वाटते’ ही तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी रेकॉर्ड प्लेयरांत दोष तारांचा निघतो. सुई ज्यात बसवलेली असते त्या छोट्या डबीच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, मागे चार बारीक तारा असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. यातली एक जोडी उलटी लागली, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो; दोन्ही बाजूंना सारखा असलेला, म्हणजे मध्यभागी उभा राहायला हवा असलेला आवाज विस्कटतो आणि खर्ज नाहीसा होतो. अँप्लिफायरवर ‘मोनो’चे, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करणारे, बटण असेल तर ते दाबून पाहावे. जोडणी बरोबर असेल तर सगळा आवाज भरीवपणे मध्ये गोळा होतो, आणि चूक असेल तर तो पातळ, टिनपाटासारखा होतो. मी स्वतः एकदा नवे कार्ट्रिज घाईघाईत बसवताना लाल-हिरव्याची अदलाबदल केली आणि पुढचे दोन दिवस १९५९ सालच्या ध्वनिमुद्रकांच्या नावाने बोटे मोडत बसलो होतो.

तारा ठीक आहेत असे धरून पुढे जाऊ. स्टिरिओ तबकडीची खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते आणि तिच्या दोन भिंती उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करतात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज सुईला आडवा हलवतो, आणि दोन बाजूंमधला फरक तिला खालीवर हलवतो. ही कल्पना लंडनच्या ईएमआय कंपनीतल्या अॅलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ सालच्या डिसेंबरात दाखल केलेल्या पेटंटमध्येच मांडली होती. पुढे १९४२ साली रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्याच्या या खाचेला बाजार मिळायला आणखी पंधरा-सोळा वर्षे लागली.

एक व्यावहारिक सूचना येथेच देतो. मोनो जमान्यातले जड कार्ट्रिज फक्त आडव्या हालचालीसाठी घडवलेले असते, त्याची सुई खालीवर लवत नाही, आणि त्यामुळे ती स्टिरिओ खाचेतली ‘फरका’ची बाजू अक्षरशः खरवडून काढते. काकांकडे असे मशीन असेल आणि या तबकड्या त्यावर वर्षानुवर्षे वाजल्या असतील, तर जोरदार आघातांवर ऐकू येणारी फरफर कायमची आहे, ती धुऊन जाणार नाही. साधी गोल टोकाची स्टिरिओ सुई, सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची, आणि कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेले वजन, एवढे या तबकड्यांना पुरते.

आता मुख्य मुद्दा. त्या काळचे स्टिरिओ कच्चे होते, म्हणून वाद्ये दोन टोकांना फेकली गेली, हा समज सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. वाद्यवृंद संचालक फ्रिट्झ रायनर यांनी शिकागो सिम्फनीबरोबर १९५४ सालच्या मार्चमध्ये आरसीए कंपनीसाठी केलेली स्टिरिओ मुद्रणे आजही ऐकावीत. वाद्यवृंद डोळ्यांपुढे अर्धवर्तुळात बसलेला दिसतो, आणि ती मुद्रणे स्टिरिओ तबकडी बाजारात येण्याच्या चार वर्षे आधीची आहेत. म्हणजे टेपवर चांगले स्टिरिओ करता येत होते. अडले होते ते तबकडीवर उतरवण्यात. वेस्ट्रेक्स कंपनीने ४५ अंशांची खाच कापणारे यंत्र १९५७ साली दाखवले, त्याच वर्षाच्या अखेरीस ऑडिओ फिडेलिटी या छोट्या कंपनीच्या सिडनी फ्रे यांनी त्यावर कापलेली तबकडी मोठ्या कंपन्यांच्या आधी काढून दाखवली, आणि १९५८ साली सगळ्यांनीच दुकाने मांडली. फ्रे यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूला डिक्सीलँड जॅझचा बँड होता आणि दुसऱ्या बाजूला आगगाड्यांचे आवाज.

आगगाड्याच का? गिऱ्हाइकाला आता दुसरा स्पीकर, दुसरा अँप्लिफायर आणि नवे कार्ट्रिज विकत घ्यायला लावायचे होते, शिवाय स्टिरिओ तबकडी मोनोपेक्षा साधारण एका डॉलरने महाग होती. सिम्फनीतला सूक्ष्म अवकाश दुकानात उभ्या असलेल्या माणसाला पटवत नाही. डावीकडून उजवीकडे धडधडत गेलेली गाडी ताबडतोब पटवते. त्यात अनेक घरांतला स्टिरिओ म्हणजे दिवाणखान्यात ठेवायचे लांबट लाकडी कपाट असे, ज्याच्या दोन टोकांना बसवलेल्या स्पीकरांत जेमतेम चार-पाच फुटांचे अंतर राही. एवढ्या जवळच्या स्पीकरांतून डावे-उजवे स्पष्ट कळायचे असेल, तर मुद्रणात ते अतिरंजित असणे भागच होते. खोलीत ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानापर्यंतही क्षणभर उशिरा आणि थोडा मऊ होऊन पोचतो, त्यामुळे ही अतिशयोक्ती विरघळते. हेडफोनवर ती विरघळायला जागाच नसते. म्हणून डोके दुखते. काकांची तबकडी निर्दोष आहे, ती हेडफोनसाठी घडवलेली नव्हती एवढेच.

एनॉक लाइट यांची तबकडी ही या विक्रीकलेची पराकाष्ठा मानावी. १९५९ साली त्यांनी कमांड रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, रॉबर्ट फाइन यांच्यासारखा कसलेला ध्वनिमुद्रक हाताशी घेतला, जोसेफ आल्बर्स या नामांकित चित्रकाराकडून ठिपक्यांची मुखपृष्ठे करून घेतली, आणि प्रत्येक गाण्यात कोणते वाद्य कुठून कुठे उडी मारते याचे वर्णन एवढे लांबले की ते मावावे म्हणून वेष्टनच पुस्तकासारखे उघडणारे केले. १९६० साली ती तबकडी अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. टेबल टेनिसच्या चेंडूसारखे आवाज इकडून तिकडे जातात म्हणून या प्रकाराला ‘पिंगपाँग स्टिरिओ’ म्हणू लागले. मुद्रणाची स्वच्छता अचाट आहे, यात वाद नाही. पण दोनतीनदा ऐकल्यावर मला त्यात विक्रेताच बोलताना ऐकू येतो.

लायमनचे प्रकरण निराळे आहे, आणि त्यासाठी होनोलुलूला जावे लागते.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर वाइकीकीच्या किनाऱ्यावर हेन्री कायझर या उद्योगपतीच्या हवाईयन व्हिलेज हॉटेलात शेल बार नावाचे उघड्यावरचे मद्यगृह होते. तिथे मूळचा न्यूयॉर्कचा पियानोवादक मार्टिन डेनी आपला छोटा संच घेऊन वाजवत असे आणि व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर हवाईतलाच तरुण आर्थर लायमन होता. मंचाला लागून एक तळे होते. एका रात्री डेनीच्या लक्षात आले की वादन सुरू झाले की तळ्यातले बेडूक डराव-डराव करू लागतात आणि वादन थांबले की गप्प बसतात. पुढे लेस बॅक्स्टर या संगीतकाराची १९५१ सालची ‘क्वाएट व्हिलेज’ ही रचना वाजत असताना वादकांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी एक ग्राहक येऊन ‘ते पक्ष्यांचे आणि बेडकांचे’ पुन्हा वाजवा म्हणाला. तेव्हा डेनीने खाचा पाडलेल्या लाकडी नळकांड्यावर काठी घासून बेडूक केला, ऑगी कोलोन या बोंगोवादकाने पक्षी केले, आणि तो कायमचा कार्यक्रम होऊन बसला. लिबर्टी कंपनीचे सायमन वॉरोंकर यांनी या प्रकाराला ‘एक्झॉटिका’ हे नाव दिले.

डेनीची ‘एक्झॉटिका’ ही पहिली एल.पी. डिसेंबर १९५६मध्ये होनोलुलूत मुद्रित झाली, आणि ती मोनो आहे. स्टिरिओची लाट आल्यावर १९५८ साली तीच तबकडी हॉलिवूडमध्ये पुन्हा वाजवून घेतली गेली. तोपर्यंत लायमन संच सोडून गेला होता आणि त्याच्या जागी जुलियस वेख्टर आला होता. १९५९ साली ‘क्वाएट व्हिलेज’ अमेरिकेच्या हॉट हंड्रेड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली आणि ती एल.पी. खपाच्या यादीत अव्वल ठरली. आजच्या संग्राहकाला साहजिकच वाटते की स्टिरिओ प्रत अधिक मोलाची. डेनीला स्वतःला मोनोच अधिक आवडत असे, आणि त्याचा कान बरोबर होता. पहिल्या मुद्रणात रोज रात्री एकत्र वाजवणारी माणसे एकमेकांचे ऐकत वाजवताना जाणवतात. दुसऱ्यात वाद्ये छान वेगळी दिसतात, पण ती खेळकर बेफिकिरी उरलेली नाही. त्यामुळे ‘एक्झॉटिका म्हणजे स्टिरिओची करामत’ हे समीकरण मी मानत नाही.

मग या संगीताचे आणि स्टिरिओचे इतके का जमले? याचे उत्तर कानाच्या रचनेत आहे. आवाज कुठून आला हे आपण मुख्यतः त्याच्या पहिल्या क्षणावरून, आघातावरून ठरवतो. व्हायोलिनचा स्वर हळूच उगवतो, त्याची जागा धूसर राहते. खोल खर्जाची दिशा तर कळतच नाही. उलट बोंगोवरची थाप, मारिंबाची लाकडी टकटक, व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्टीवर पडलेली मोगरी, झांजेची किणकिण आणि पक्ष्याची शीळ या सगळ्यांचे काठ धारदार असतात, आणि कान त्यांच्यावर तत्काळ बोट ठेवतो. एक्झॉटिकाचा संच जवळजवळ सगळा अशाच वाद्यांचा आहे. शिवाय वाद्ये थोडी, मध्ये मोकळी जागा भरपूर. स्टिरिओ डोळ्यासमोर न ठेवता, एका बारमधल्या गमतीतून तयार झालेला हा वाद्यमेळ स्टिरिओला असा चपखल बसला की जणू त्याच्यासाठीच बेतला असावा.

पण आघात फक्त दिशा सांगतो. जागा सांगतो तो आघातानंतरचा घुमारा, आणि लायमनच्या तबकड्या इथे बाकी सगळ्यांच्या पुढे आहेत. त्याच हॉटेलच्या आवारात कायझरने १९५७ साली अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा १४५ फूट व्यासाचा घुमट उभारला होता. तो चोवीस तासांच्या आत जोडून झाला, हे त्या वेळी मोठे नवल मानले गेले. हायफाय रेकॉर्ड्स या कंपनीने लायमनची मुद्रणे या रिकाम्या घुमटात केली. दिवसा रहदारी आणि पर्यटकांचा गोंगाट, म्हणून वेळ मध्यरात्रीनंतरची. मागाहून काही जोडायचे नाही, चौघांनी एकदम वाजवायचे, आणि घुमटाचा सुमारे तीन सेकंदांचा नैसर्गिक घुमारा जसाच्या तसा टेपवर घ्यायचा. १९५८ सालची ‘टॅबू’ ही त्यांतली पहिली.

ती स्पीकरवर लावून कुठलाही एक व्हायब्राफोनचा एकटा स्वर निवडावा आणि फक्त त्याचा पाठलाग करावा. मोगरी पट्टीवर पडल्याचा बारीक टक्कन आवाज एका नेमक्या ठिकाणाहून येतो. लगेच पट्टीखालच्या नळ्यांतला स्वर फुलतो. मग तो घुमटाला जाऊन भिडतो, आणि आता त्याला ठिकाण उरत नाही. तो दोन्ही स्पीकरांच्या मध्ये, मागे आणि बाहेरही पसरत जातो, आणि पुढची थाप पडेपर्यंत विरत राहतो. ज्या मध्यभागात पोकळी आहे असे प्रश्नात म्हटले आहे, तिथेच हा घुमारा असतो. कानाशी चिकटलेल्या हेडफोनवर तो आघातांच्या मागे झाकला जातो, स्पीकरवर उलगडतो. माझ्या दृष्टीने जुन्या स्टिरिओतला हा खरा खजिना आहे, आणि तो दिशांच्या खेळापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे.

हुआन गार्सिया एस्किव्हेल या मेक्सिकन संगीतकाराचा उल्लेख टाळता येत नाही, कारण दिशांच्या खेळाला त्याने विनोदबुद्धी दिली. १९६२च्या ‘लॅटिन-एस्क’साठी त्याने वाद्यवृंदाचे दोन भाग केले आणि डावा-उजवा एकमेकांत जरासुद्धा झिरपू नये म्हणून ते दोन वेगवेगळ्या स्टुडिओंत, हेडफोनच्या आधाराने, एकाच वेळी वाजवून घेतले. त्यात खोली म्हणून काही नाहीच, पण तो कसला आव आणत नाही. घसरत येणारी स्टील गिटार आणि ‘झू-झू’ म्हणणारा गायकवृंद ऐकताना हसू येते, आणि तेच त्याला हवे असते. लाइटपेक्षा मला तो जवळचा वाटतो.

राहिला प्रश्न आवडीचा. हे संगीत ज्या देशांची चित्रे दाखवते, ते देश अस्तित्वात नाहीत. ‘टॅबू’ हा शब्द पॉलिनेशियाचा, त्या नावाची मूळ रचना मार्गारिता लेकुओना या क्यूबन संगीतकर्तीची, वाजवणारे हवाईचे, ऐकणारे अमेरिकेच्या उपनगरांतले. आणि वेष्टनावर ज्वालामुखी. महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढून परतलेले सैनिक, बांबूच्या भिंतींची, पॉलिनेशियाचा आभास निर्माण करणारी टिकी रेस्टॉरंटे, आणि १९५९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राज्य झालेले हवाई, यांनी या स्वप्नाला गिऱ्हाईक पुरवले. यात ‘पूर्वे’कडे शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची नजर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही, आपण आशियातले लोक या चित्रातल्या पडद्यामागच्या झाडीत उभे आहोत, ही जाणीव मला दरवेळी होते आणि थोडी गंमतही वाटते. या नजरेला सर्वांत हुशार उत्तर जपानमधून आले. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या संचाने १९७८ साली डेनीची ‘फायरक्रॅकर’ ही रचना सिंथेसायझरवर वाजवून ती खोटी पूर्व तिच्याच मापाने परत केली. त्यानंतर १९९०च्या दशकात अमेरिकेत या तबकड्या पुन्हा निघाल्या, गाजल्या, आणि काकांकडच्या प्रतींची किंमत वाढली.

मात्र आवडीचे कारण निव्वळ उपहास किंवा स्मरणरंजन असते, तर लोक एकदोनदा ऐकून थांबले असते. स्टिरिओ दोन स्पीकरांच्या मध्ये जिथे काहीही नाही तिथे वाद्य उभे करते. एक्झॉटिका नकाशावर जिथे काहीही नाही तिथे बेट उभे करते. ऐकणाऱ्याला दोन्ही खोटे आहे हे ठाऊक असते, आणि दोन्ही चोख जमले की तो हरखतो. जिथे खोट्या बेटाला घुमटासारखी खरी जागा मिळाली, तिथे हा परिणाम सर्वांत पक्का झाला.

ऐकण्याची व्यवस्था अशी करावी. दोन स्पीकरांत सहा-सात फूट अंतर ठेवावे, आपणही तितक्याच अंतरावर बसावे, आणि स्पीकर किंचित आपल्याकडे वळवावेत. हेडफोनच वापरायचे असतील, तर डाव्याचा थोडासा अंश उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात मिसळणारी ‘क्रॉसफीड’ची सोय बऱ्याच संगणकीय प्लेयरांत असते, ती चालू करावी. वेष्टनावर मोनोचे ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने’ स्टिरिओ केले आहे असे काही छापलेले आढळले, तर ती प्रत खुशाल सोडावी. त्यात मंद्र एका बाजूला आणि तार दुसऱ्या बाजूला ढकललेले असते, दुसरे काही नाही.

आणि तबकडीची डिजिटल प्रत करणार असाल, तर ‘टॅबू’च्या बाबतीत ओरखडे काढणारे सॉफ्टवेअर आपोआप चालू देऊ नका. रात्री हवा गार झाली की तो अॅल्युमिनियमचा घुमट आकसून मधूनच करकरत असे, आणि ती करकर लायमनच्या मुद्रणांत कुठे कुठे उतरली आहे. घुमट १९९९ साली पाडला. सॉफ्टवेअरला ती करकर ओरखडाच वाटते. फरक ओळखणे अवघड नाही. खरा ओरखडा तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, त्याच जागी वाजतो आणि तिथल्या तिथे संपतो. घुमटाची करकर एकदाच होते, आणि तिच्यामागे तीन सेकंदांचा घुमारा असतो.